लखिना पॅटर्नपासून दप्तर दिरंगाईपर्यंत

जून १९८०. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा एक माजी सैनिक नगरला येऊन उपोषणाला बसला. मागणी साधी होती, गावच्या शाळेला मान्यता द्या. गावाची तयारी होती, मुले होती, अर्ज कधीच गेला होता. मान्यता तेवढी येत नव्हती. ७ जूनला बसलेला हा माणूस ८ जूनला उठला, कारण मान्यता मिळाली होती. किसन बाबूराव हजारे, म्हणजे पुढे देशभर गाजलेले अण्णा, यांचे हे पहिले उपोषण.

विजयापेक्षा या प्रसंगातला वेळेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नियम आडवा येत असता तर तो एका रात्रीत बदलला नसता, आणि पैसा नसता तर तो रात्रीतून उगवला नसता. म्हणजे कागद अडला नव्हता, नुसता पडून होता. कागदाच्या या पडून राहण्याशी नगर जिल्ह्याने पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे झुंज घेतली आणि ती दोन बाजूंनी घेतली. एक आघाडी कलेक्टर कचेरीच्या आत उघडली गेली, दुसरी अण्णांनी राळेगणच्या यादवबाबा मंदिरातून उघडली. एकाच जिल्ह्यात, जवळपास एकाच पिढीत हे दोन्ही प्रयोग व्हावेत, हा योग महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा सापडत नाही.

आधी कचेरीकडे जाऊ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरचा मुलूख कंपनीकडे गेला. हेन्री पॉटिंजर हा इथला सुरुवातीचा कलेक्टर. त्याच्या काळात आजच्या नाशिकचा मोठा भाग नगरलाच जोडलेला होता, तो १८६९ मध्ये वेगळा झाला. तरीही जे उरले ते क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा ठरले. आज चौदा तालुके आणि सतरा हजारांवर चौरस किलोमीटर. अकोल्याच्या डोंगरातल्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत यायचे तर एका बाजूचा प्रवास शंभर किलोमीटरच्या वर. ‘साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या’ हे वाक्य टेबलापलीकडून उच्चारायला दोन सेकंद लागतात. अकोल्याहून आलेल्या माणसाचा दिवस, एसटीचे भाडे आणि रोजगार एवढे त्यात जाते.

ब्रिटिशांनी या मुलखावर जे महसुली दप्तर बसवले त्याचा सांगाडा अजून टिकून आहे. अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबाचे नमुने नीट लावून दिले. एक ते एकवीस असे ते गाव नमुने तलाठ्याला आजही तोंडपाठ असतात. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो त्यांतला सातवा आणि बारावा. फेरफार हा सहावा. या नमुन्यांची निंदा करण्याची पद्धत आहे, पण ती सरसकट खरी नाही. ज्या काळात बहुसंख्य शेतकऱ्यांना अक्षरओळख नव्हती, त्या काळात जमीन कोणाची हे कागदावर उतरवणे आणि त्यावर चार सह्या घेणे हे शेतकऱ्याचेच संरक्षण होते. सावकाराने किंवा भाऊबंदाने कधीतरी केलेल्या लबाडीवर उतारा म्हणून एकेक रकाना, एकेक सही वाढत गेली. लबाडी करणारे गेले, सह्या राहिल्या.

वारस नोंदीचेच पाहा. घरातला कर्ता गेला, मुलांची नावे सातबाऱ्यावर चढवायची आहेत. अर्ज तलाठ्याकडे जातो, वारस नोंदवहीत नोंद होते, फेरफार लिहिला जातो, चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची मुदत मिळते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. जमीन महसूल अधिनियम, १९६६ ने ही वाट घालून दिली आहे आणि ती वाजवी आहे. सारे सुरळीत झाले तर महिनाभरात काम संपावे. पण एका भावाने हरकत घेतली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते. तिथून तहसीलला, तिथून ‘अभिप्रायासह सादर’, मग ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर’. आवक-जावकच्या बारनिशीत प्रत्येक ठिकाणी त्याला नवा क्रमांक मिळतो. अर्जदार क्रमांक विचारत टेबलामागून टेबल फिरतो. कोणीच नकार देत नाही. नकार लेखी मिळाला असता तर त्यावर अपील तरी करता आले असते.

कारकुनाच्या बाजूनेही पाहायला हवे. चुकीच्या कागदावर सही केली तर खातेनिहाय चौकशी, वेतनवाढ बंद, पेन्शन अडकलेली. कागद टेबलावर ठेवला तर? काही नाही. फार तर एक स्मरणपत्र येते, तेही त्याच गठ्ठ्यात जाते. दिरंगाईची शिक्षा शून्य आणि चुकीची शिक्षा जबर, अशा हिशेबात शहाणा माणूस कागद वरच्याकडे ढकलतो किंवा ठेवून देतो. आळस आणि लाच ही कारणे आहेतच, पण ती नसतानाही कागद का थांबतो याचे उत्तर या हिशेबात मिळते.

दिल्लीला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५३ मध्ये पॉल अ‍ॅपलबी या अमेरिकी तज्ज्ञाने भारतीय प्रशासनाची पाहणी करून अहवाल दिला. १९६६ मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला गेला. पुढे के. हनुमंतय्या यांच्याकडे अध्यक्षपद आले आणि आयोगाने वीस अहवाल सादर केले. अहवालांची भाषा उत्तम होती. नगरच्या दप्तरखान्यातली धूळ त्यांनी काही हलली नाही.

ती हलवली अनिलकुमार लखिना यांनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते नगरचे जिल्हाधिकारी होते. सुधारणा म्हटली की समिती नेमायची, नवा कक्ष उघडायचा, पाटी लावायची हा आपला रिवाज. लखिनांनी कपाटांना हात घातला. दीडशे वर्षांचे दप्तर एकावर एक रचले गेले होते. त्यात जमिनीच्या हक्काचे अमोल कागदही होते आणि कधीकाळच्या बैठकीच्या चहाची बिलेही. हवा तो कागद सापडत नाही म्हणून अर्जदाराला परत पाठवायचे, हे तेव्हाच्या कचेऱ्यांत नित्याचे होते.

कागदांचे वर्ग सरकारी नियमांत आधीपासून ठरलेले होते. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ त्याहून कमी आणि ‘ड’ वर्षभरानंतर नष्ट करायचा. नियम होता, तो कोणी पाळत नव्हते एवढेच. कारण पाळायचा तर कोणीतरी प्रत्येक कागद हातात घेऊन वाचायला हवा, तो कोणत्या वर्गाचा हे ठरवायला हवे आणि मुख्य म्हणजे ‘हा नष्ट करा’ असे लिहून खाली सही करायला हवी. ती सही कोण करणार? उद्या कोर्टाने नेमका तोच कागद मागितला तर? त्यामुळे सगळेच ठेवायचे आणि काहीच शोधायचे नाही, अशी सोयीची व्यवस्था झालेली. लखिनांनी ती सही करण्याची जबाबदारी प्रशासनावर घेतली. कागद निवडले गेले, लावले गेले, ज्यांची मुदत संपली ते काढून टाकले गेले. उरलेले असे रचले की मागितल्यावर सापडावेत.

दप्तरखान्यानंतर बसण्याची रचना. कपाटांच्या भिंतींआड बसणारे कारकून मोकळ्या दालनात आले, म्हणजे कोणाच्या टेबलावर किती कागद आहेत हे वरिष्ठालाही दिसावे आणि दारात उभ्या माणसालाही. कोणत्या कामाला कोणते कागद लागतात, ते काम कोणत्या टेबलावर होते, किती पायऱ्यांनी होते, हे लिहून काढले गेले. ज्या पायऱ्या नुसत्या सवयीने चालत होत्या त्या गाळण्याचा प्रयत्न झाला. यात संगणक नव्हता, नवा कायदा नव्हता. कचेरीत काम करणाऱ्यालाच काम सोपे व्हावे, मग ते बाहेरच्यालाही सोपे होईल, असा साधा विचार होता. या प्रयोगाला ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पडले. तो बघायला बाहेरून अधिकारी आले, प्रशासकीय प्रशिक्षणात त्याचे धडे दिले गेले, आणि नगर हे नाव ऊस आणि दुष्काळ सोडून तिसऱ्या कारणासाठी सरकारी वर्तुळात घेतले जाऊ लागले.

मग जे व्हायचे ते झाले. जिल्हाधिकारी बदलले.

कोणी आकसाने पॅटर्न मोडला असे नाही. तो मोडावा लागलाच नाही. दप्तर लावणे हे एकदा करून संपणारे काम नव्हे. रोज येणारा कागद रोज वर्गात घालावा लागतो, आणि त्यासाठी कोणीतरी रोज विचारावे लागते. विचारणारा गेला की पहिल्या महिन्यात एक गठ्ठा खिडकीत येतो, दुसऱ्या महिन्यात दुसरा. दुसऱ्या जिल्ह्यांत पॅटर्न नेताना आणखी एक गोष्ट घडली. नगरमध्ये ती एका अधिकाऱ्याची तळमळ होती. बाहेर गेल्यावर ते परिपत्रक झाले, आणि परिपत्रकाची जागा ठरलेली असते. ते स्थायी आदेशांच्या संचिकेत लावले जाते. जिथे कोणी मनावर घेतले तिथे काही काळ कपाटे लागली. बाकी ठिकाणी अनुपालन अहवाल गेले.

इथून गोष्ट कचेरीबाहेर येते. १९९० च्या दशकात हजारे राळेगणचे पाणलोट आणि ग्रामविकासाचे काम करता करता सरकारी खात्यांमधल्या गैरव्यवहारांवर बोलू लागले होते. १९९१ मध्ये भ्रष्टाचार विरोधी जनआंदोलन उभे राहिले. आरोप केला की पुरावा मागितला जाई, आणि पुरावा असे सरकारी फाइलीत. फाइल मागितली की १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याकडे बोट. या कोंडीतून माहितीच्या अधिकाराची मागणी पुढे आली. मुंबईच्या आझाद मैदानावर धरणी झाली, मोर्चे झाले. राज्याने २००० मध्ये एक कायदा केला, तो इतका लुळा होता की दोन वर्षांत बाजूला ठेवून नवा आणावा लागला. हा नवा मसुदा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीत थांबला. ९ ऑगस्ट २००३ ला हजारे पुन्हा आझाद मैदानावर उपोषणाला बसले. काही मंत्र्यांच्या चौकशीची मागणीही त्यात होती. १० ऑगस्टला संमती झाली. १९८० चा शाळेचा कागद आणि २००३ चा कायद्याचा कागद, दोन्ही दुसऱ्या दिवशी सुटावेत, याला योगायोग म्हणायला मन धजत नाही.

केंद्राचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमातली पहिलीच अपेक्षा अशी की प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि शोधता येतील असे ठेवावेत. लखिनांनी वीस वर्षांपूर्वी जे मनाने केले, ते आता संसदेने बंधनकारक केले. आणि टेबलामागची धास्ती कुठे आहे तेही लवकरच कळले. जुलै २००६ मध्ये फाइलीवरच्या टिप्पण्या या कायद्यातून वगळण्याची दुरुस्ती केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. निर्णय दाखवायला हरकत नव्हती. कोणी काय शेरा मारला, कोणाकडे फाइल किती दिवस होती, हे दाखवायला होती. हजारे आळंदीला ९ ऑगस्टपासून अकरा दिवस उपोषणाला बसले, देशभर इतरांनीही आवाज उठवला आणि ती दुरुस्ती मागे पडली. माझ्या मते या साऱ्या लढाईतला हा सर्वांत किमती विजय. टिप्पणी दिसते म्हणून कागद कोणाच्या टेबलावर झोपला ते अर्जदाराला कळते. तेवढे कळले की अर्धे काम होते.

याच सुमारास राज्यात दुसरा कायदा आला. त्याचे पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. हजारेंनी लावून धरलेल्या मागण्यांपैकी ही एक. १ जुलै २००६ पासून तो अमलात आला. मजकूर वाचला तर कोणालाही भरून यावे असा आहे. कोणतीही फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तत्काळ स्वरूपाची फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हातावेगळी व्हावी. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. नागरिकांची सनद लावा, अधिकार खाली सोपवा. जाणूनबुजून विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई.

‘जाणूनबुजून’ या एका अटीने बरेच काम केले. विलंब झाला हे बारनिशीवरून सिद्ध होते. तो जाणूनबुजून झाला हे कशावरून सिद्ध करायचे? मीटिंगा होत्या, निवडणूक होती, टंचाई होती, पदे रिक्त होती. शिवाय कारवाई करायची वरिष्ठाने, आणि त्याच्या टेबलावरही गठ्ठा असतोच. आणखी एक तपशील असा की या कायद्याचा विलंबाचा भाग कसा अमलात आणायचा याचे नियम २०१३ मध्ये निघाले. विलंब रोखणाऱ्या कायद्याच्या नियमांना सात वर्षे लागली.

कायद्याचा पहिला अर्धा भाग बदल्यांचा. लखिना पॅटर्नचे काय झाले हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो का हवा हे सांगायला नको. अधिकाऱ्याला एका जागी साधारण तीन वर्षे मिळावीत, बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मे मध्ये व्हाव्यात, असे त्यात म्हटले. मात्र अपवादात्मक परिस्थितीत, विशेष कारणे लेखी नोंदवून, वरच्या अधिकाऱ्याच्या मान्यतेने मध्येच बदली करता येईल अशीही तरतूद ठेवली. या फटीतून किती गाड्या गेल्या हे पाहायचे तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे, म्हणजे ‘मॅट’चे, निकाल वाचावेत. मुदतपूर्व बदलीविरुद्ध दाद मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची तिथे रीघ असते.

२०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला, आणि त्याने हिशेबाची बाजू थोडी फिरवली. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची ते अधिसूचित झाले. मुदतीत दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. इथे ‘जाणूनबुजून’ सिद्ध करण्याचा बोजा अर्जदारावर नाही. उशिराला पुरेसे कारण होते का, एवढाच प्रश्न उरतो. दंडाची रक्कम मोठी नाही, पण चुकीलाच शिक्षा आणि दिरंगाईला माफी या जुन्या हिशेबात पहिल्यांदा खोट पडली.

कपाटांचे काय? २०१७ च्या सुमारास पुणे विभागात तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम काढली. दप्तराचे सहा गठ्ठे करायचे: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षेतली प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायचे आणि नष्ट करायचे. आलेला कागद त्या दिवशीच मार्गी लावायचा. नगरच्या जुन्या कारकुनांना यात नवे काय, असे वाटले असेल तर नवल नाही. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला, त्यातही कार्यालयाची स्वच्छता आणि जुन्या फाइलींचा निपटारा होताच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तेच कपाट इतक्यांदा लावावे लागते, यावरून लखिनांचे निदान बरोबर होते असेही म्हणता येईल, आणि औषध लागू पडले नाही असेही.

दरम्यान २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीचे नाव तिच्या जिल्ह्याला मिळाले. शिक्के, पाट्या, लेटरहेड बदलले. सातबारा त्याआधीच संगणकावर आला होता, डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून घरबसल्या निघतो. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारातले हेलपाटे यामुळे खरोखर वाचले. पण उताऱ्यावरची नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करायला अजून माणूस लागतो, आणि माणसापुढे टेबल असते.

दोन्ही आघाड्या ताडून पाहिल्या तर बाहेरची जास्त टिकली असे म्हणावे लागते. आतली सुधारणा चांगल्या अधिकाऱ्याच्या मुदतीएवढी जगली. बाहेरची, म्हणजे टिप्पणी बघण्याचा आणि मुदत विचारण्याचा हक्क, अधिकारी बदलला तरी अर्जदाराच्या खिशात राहतो. अर्थात खिशातला हक्क वापरायचा तर कागद सापडला पाहिजे आणि तो सापडायला कपाट लावलेले असले पाहिजे. ‘अभिलेख आढळून येत नाही’ या चार शब्दांच्या उत्तरापुढे माहितीचा अधिकार हतबल होतो. अभिलेख मुद्दाम नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यात आहे. हा कायदा अस्तित्वात आहे हेच अनेक अर्जदारांना माहीत नसते, आणि कचेरीत ते आपणहून कोणी सांगत नाही.

तेव्हा वाचकाला एवढेच सांगणे. कचेरीत अर्ज दिलात की तारखेसह पोच मागून घ्या. लोकसेवा हक्क कायद्याखाली ती देणे बंधनकारक आहे, आणि सेवा किती दिवसांत मिळणार हेही तिथे सांगायला हवे. मुदत उलटली तर तोंडी चौकशीत दिवस घालवू नका. तीस दिवसांच्या आत पहिले अपील करा, त्यानंतर दुसरे, आणि मग सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. फाइल कोणाकडे अडली हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात टिप्पणीच्या पानांची प्रत मागा.